टवका किती खोल गेला?

नवी गाडी घेऊन चार-सहा महिने झाले की एके दिवशी धुताना बॉनेटच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरट ठिपके दिसतात. ते पुसून जात नाहीत आणि नख फिरवलं तर खळगा लागतो. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये निकाल जाहीर होतो: हल्लीच्या गाड्यांना कंपन्या नावापुरताच रंग मारतात, जुन्या गाड्या कशा दणकट होत्या!

यातलं अर्धं खरं आहे. कारखान्यातल्या रंगाचे थर आता जेमतेम लागतील तेवढेच दिले जातात. पण जुन्या फियाट-पद्मिनीचा तळ आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा कशा गंजून जायच्या, हे ज्यांनी ती गाडी वापरली त्यांना विचारावं. वरचा रंग जाड असला तरी गंज आतून येत असे. त्यामुळे टवका उडाला की रंग जाड की पातळ यावर वाद घालण्यापेक्षा तो कोणत्या थरापर्यंत गेला, हे आधी बघावं. पुढचं सगळं त्यावर ठरतं. त्यासाठी गाडीवर थर कोणते असतात आणि ते कसे चढतात, हे क्रमाने पाहू.

चाकण, रांजणगाव किंवा नाशिकच्या कारखान्यात जोडून तयार झालेला गाडीचा उघडा सांगाडा रंगखात्यात, म्हणजे पेंट शॉपमध्ये येतो, तेव्हा तो तेलकट असतो. पत्र्याला दाबून आकार देताना लावलेलं तेल, वेल्डिंगचे कण, हातांचे डाग असं सगळं त्यावर असतं. पहिल्या टप्प्यात हे धुऊन काढतात. मग पत्र्यावर फॉस्फेटचा अतिशय पातळ, खरखरीत थर चढवतात. काही नव्या कारखान्यांत त्याऐवजी झिर्कोनियमची रसायनं वापरतात. हा थर डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण पुढच्या रंगाला पकड मिळते ती यामुळेच. इथे कसर राहिली तर वरचे थर कितीही उत्तम असोत, पुढे पोपडे निघणार.

दुसरा टप्पा गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. अख्खा सांगाडा रंगाच्या मोठ्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्यावर जाऊन बसतात. याला ईडी कोट म्हणतात, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर. यातली खुबी अशी, की एखाद्या जागी थर बसला की तिथे वीज अडते आणि ती आपोआप अजून उघड्या असलेल्या जागेकडे वळते. त्यामुळे दरवाज्यांच्या पोटात, खांबांच्या पोकळीत, जिथे फवारा कधीच पोहोचला नसता तिथेही रंग जातो. नंतर हे सगळं साधारण 160 ते 180 अंशांवर भाजतात. थराची जाडी होते 20 मायक्रॉनच्या आसपास.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो. हा कागद मनात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

यानंतर सांध्यांमध्ये सीलंट भरतात आणि गाडीच्या पोटाला खड्यांचा मार सोसणारं रबरासारखं पीव्हीसीचं लेपन देतात. मग येतो प्राइमर. हा मधला थर पत्र्याचा खडबडीतपणा झाकतो, उन्हातले अतिनील किरण खालच्या ईडी थरापर्यंत जाऊ देत नाही आणि खडा बसला तर थोडा मार स्वतः खातो. जाडी 30 ते 35 मायक्रॉन.

प्राइमरवर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. लाल, पांढरा, चंदेरी जे काही दिसतं ते या थरात. तो असतो फक्त 12 ते 20 मायक्रॉन. त्याला स्वतःची चमकही नसते. चमक देतो शेवटचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. तो 35 ते 50 मायक्रॉन जाड असतो, आणि ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, फडक्याची घासाघीस हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. मग पुन्हा 140 अंशांच्या आसपास भाजणी होते.

फवारणीच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. अनेक कारखान्यांत रंगाआधी सांगाड्यावरून शहामृगाच्या किंवा इमूच्या पिसांचे फिरते रोलर नेतात, कारण बारीक धूळ उचलायला त्यांच्याइतकं चांगलं काही सापडलेलं नाही. सिलिकॉन असलेली क्रीम किंवा स्प्रे लावून तिथे जायला बंदी असते. सिलिकॉनचा अंश जरी पत्र्यावर पडला तरी रंग तिथून मागे सरतो आणि खळगा राहतो. ही गोष्ट टवका बुजवताना आपल्यालाही लागणार आहे.

आता बेरीज करू. सगळे थर मिळून 100 ते 130 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद किंवा त्याहून किंचित जास्त. काही कारखान्यांत प्राइमरचा वेगळा थर आणि त्याची वेगळी भट्टी काढून टाकली आहे. प्राइमरचं काम बेस कोटच्या पहिल्या हाताला दिलं जातं आणि त्यात अतिनील किरण अडवणारे घटक मिसळलेले असतात. अशा गाड्यांवर एकूण आकडा 80 ते 100 च्या दरम्यान येतो.

हे करण्यामागे पैसा आहे, यात शंका नाही. मोटार कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारा विभाग म्हणजे पेंट शॉप. एक भट्टी वाचली तर इंधन, जागा आणि वेळ तिन्ही वाचतात. पण दुसरं कारणही आहे. रंगातून उडून जाणाऱ्या विद्रावकांच्या वाफांवर निर्बंध आले आणि कारखाने पाण्यात मिसळणाऱ्या रंगांकडे वळले. शिवाय फवारणारा यंत्रमानव हाताने मारणाऱ्या माणसापेक्षा इतका सारखा थर देतो, की पूर्वी 'कुठे कमी पडू नये' म्हणून मारला जाणारा जादा रंग लागेनासा झाला.

प्राइमर गाळण्याचा प्रयोग पूर्वी एकदा चांगलाच अंगाशी आला होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990 च्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल मोटर्स आणि फोर्डच्या अनेक गाड्यांचा रंग मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटू लागला. प्राइमर नसल्याने ऊन बेस कोटमधून आरपार जाऊन ईडी थरावर पडत होतं. त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला आणि वरचं सगळं सुटलं. अलीकडे टोयोटालाही अमेरिकेत काही पांढऱ्या रंगांच्या गाड्यांवर रंग सोलवटल्यास वाढीव संरक्षण द्यावं लागलं. म्हणजे कारखान्याच्या रंगात दोष निघूच शकत नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नये. मात्र दोष ओळखण्याची खूण वेगळी असते. ती पुढे येईलच.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जाड रंग म्हणजे मजबूत रंग नव्हे. एकावर एक हात चढवून 300 मायक्रॉन झालेला रंग खडा लागल्यावर जास्त मोठा टवका देऊन उडतो आणि उन्हात तडकतोही लवकर. दुसऱ्यांदा रंगवलेल्या बॉनेटवर हे नेहमी दिसतं.

मग टवके उडतात कशाने? मुख्यतः वेगाने. खड्याच्या आघातातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 च्या जागी ताशी 100 ने जाताना तोच खडा लागला, तर आघात जवळजवळ पावणेतीन पट असतो. त्यात समोरच्या गाडीच्या चाकातून खडा आपल्याकडेच येत असेल तर त्याचा वेग आणखी मिळतो. बांधकामाची खडी नेणारा, ताडपत्री न टाकलेला डंपर, नुकतीच बारीक खडी अंथरलेला डांबरी रस्ता, चौपदरीकरणाचं काम चाललेला महामार्ग ही ठिकाणं आपल्याला चांगलीच माहीत आहेत.

मार बसतो तो ठरावीक जागी: बॉनेटची पुढची कड, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, आरशांची पुढची बाजू, चाकांवरच्या कमानी आणि मागच्या चाकाच्या पुढचा दरवाज्याखालचा पट्टा. या पट्ट्यावर आपल्याच पुढच्या चाकातले खडे येऊन आपटतात. कडांचा आणखी एक प्रश्न असतो. ओला रंग भाजताना पातळ होतो आणि टोकदार कडेवरून मागे ओढला जातो. त्यामुळे कडेवर थर मुळातच कमी राहतो. दरवाजा उघडताना भिंतीला लागला की नेमकी कडच उडते, त्याचं हे कारण.

बंपरची गोष्ट वेगळी. तो प्लास्टिकचा असतो, वेगळा रंगवतात आणि 80 अंशांच्या आसपासच भाजतात, नाहीतर तो वाकेल. म्हणून कधी कधी बंपर आणि फेंडर यांच्या छटेत किंचित फरक दिसतो. पार्किंगमध्ये कोणी टेकवलं की बंपर दबून परत येतो, पण त्यावरचा रंग तेवढा लवचीक नसेल तर फुटतो. एक समाधान आहे: प्लास्टिक गंजत नाही. बंपरच्या टवक्यासाठी झोप उडवू नये.

दुचाकीवाल्यांची दुखणी वेगळी असतात. हँडलच्या कुलपाला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा, टाकीला घासणारी जॅकेटची चेन, पेट्रोल भरताना सांडलेले थेंब. जुडगा काढून एकच किल्ली ठेवली तरी बरंच काम होतं.

आता गाडी ताब्यात घेतानाची पायरी. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये गाड्यांची रांग लागलेली असते आणि कर्मचाऱ्यांची धावपळ. शक्य असेल तर गाडी आदल्या दिवशी, नोंदणीपूर्वी, यार्डातच पाहून घ्यावी. उजेड दिवसाचा हवा आणि गाडी कोरडी हवी. ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे दिसत नाहीत आणि शोरूमच्या झगमगाटात छटेतला फरक कळत नाही.

पत्र्याकडे समोरून न पाहता तिरक्या नजरेने पाहावं. एखाद्या दरवाज्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत शेजारच्या दरवाज्यापेक्षा वेगळा वाटतो का, रबराच्या पट्टीवर किंवा बिजागरीच्या स्क्रूवर रंगाचा फवारा गेला आहे का, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून खरवडला आहे का, हे बघावं. यातलं काही दिसलं तर तो भाग कारखान्याबाहेर पुन्हा रंगवलेला असू शकतो. ट्रेलरवर चढवता-उतरवताना गाड्यांना लागतं आणि काही वेळा ते गुपचूप दुरुस्त होतं.

जाडी मोजण्याचं छोटं यंत्र आता ऑनलाइन सहज मिळतं. ते पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो. पण याच यंत्रामुळे शोरूममध्ये सगळ्यात जास्त भांडणं उगीच होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

यंत्रासोबत आलेल्या धातूच्या चकतीवर ते आधी शून्यावर आणावं, नाहीतर सगळेच आकडे चुकतील. बंपरवर ते चालत नाही, कारण खाली धातू हवा. साधं चुंबकीय यंत्र ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर काहीच दाखवणार नाही, त्यासाठी दोन्ही धातू ओळखणारं यंत्र लागतं. संरक्षक फिल्म लावलेली असेल तर तिची जाडी आकड्यात मिसळते. एका भागावर एकच आकडा घेऊन निष्कर्ष काढू नये, पाच-सहा ठिकाणी मोजावं. दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या आतल्या चौकटीवर आकडा बाहेरपेक्षा कमी येतो, ते स्वाभाविक आहे.

आकड्यांची तुलना कोणत्याही ठरावीक संख्येशी न करता त्याच गाडीच्या बाकीच्या भागांशी करावी. सगळीकडे 95 ते 115 असेल तर गाडी ठीक आहे, मित्राच्या गाडीवर 130 आले म्हणून हळहळू नये. बाकी सगळीकडे 100 आणि डाव्या मागच्या दरवाज्यावर 240 आलं, तर तिथे दुसऱ्यांदा रंग झाला आहे. 500 च्या पुढे आकडा गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी. अर्थात 240 म्हणजे अपघातच, असंही लगेच म्हणू नये. कारखान्याच्या शेवटच्या तपासणीत धुळीचा कण सापडला तर तिथेच एखादा भाग पुन्हा रंगवतात. आपण शांतपणे खुलासा मागावा आणि तो लेखी घ्यावा. सगळ्या गाडीवर आकडा 60 च्या आसपास घुटमळत असेल, तर मात्र तक्रार नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

पूजेबद्दल दोन शब्द, कारण हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतं. बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक जरूर काढावं, पण ते आठवडाभर उन्हात ठेवू नये. हळद आणि कुंकवातला रंग फिक्या गाडीवर, विशेषतः प्लास्टिकच्या भागांवर, पिवळट-लालसर डाग सोडू शकतो. संध्याकाळी भरपूर पाणी ओतून अक्षता आणि कण आधी वाहून जाऊ द्यावेत, कोरड्या फडक्याने खसखसून पुसू नये. झेंडूच्या हाराची तार बॉनेटच्या कडेवर घासत नाही ना, हे बघावं. नारळ गाडीपासून जरा लांब फोडला तरी देव रागावत नाही.

आता मूळ प्रश्न: टवका उडाला आहे, तो किती खोल?

पहिली परीक्षा पाण्याची. जागा स्वच्छ करून तिथे पाण्याचा थेंब लावावा. ओरखडा दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. तिथे काही भरण्याची गरज नाही.

पाणी लावूनही दिसत असेल तर तळाशी कोणता रंग आहे ते मोबाइलच्या टॉर्चने, शक्य असल्यास भिंगातून बघावं. राखाडी किंवा फिका, मंद रंग दिसला तर आपण प्राइमर किंवा ईडी थरावर आहोत. गंजाचा धोका अजून दारात आलेला नाही, एखाद-दोन महिने थांबलं तरी चालेल. चकाकणारा धातू दिसला तर घाई करावी. बंपरवर काळं दिसलं तर ते प्लास्टिक. तपकिरी ठिपका म्हणजे गंज सुरू झाला. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या समुद्रालगत, त्यातही पावसाळ्यात, उघडा पत्रा दोन-चार दिवसांत तांबूस दिसू लागतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत तेवढी घाई नसते. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर आणखी थोडी सवलत मिळते.

याच वेळी हा टवका आहे की रंगाचा दोष, तेही ठरवून टाकावं. खड्याचा टवका लहान असतो, त्यात आघाताचा बिंदू दिसतो आणि तो गाडीच्या पुढे तोंड केलेल्या भागावर असतो. छतावर किंवा डिकीवर, जिथे खडा पोहोचण्याचं कारणच नाही, तिथे रंग सुटत असेल, टवक्याच्या कडेला नख घातल्यावर पापुद्रा सरसर निघत असेल किंवा आघात नसताना फुगे येत असतील, तर पकड कुठेतरी चुकलेली आहे. अशा वेळी काहीही लावू नये, घासू नये. तारखेसह फोटो काढून आधी सर्व्हिस सेंटरला लेखी कळवावं. आपण वर रंग लावून ठेवला की 'बाहेर काम झालंय' हे उत्तर त्यांच्या हाती आयतंच मिळतं. साधे खड्याचे टवके, पक्ष्यांच्या विष्ठेचे किंवा झाडाच्या चिकाचे डाग वॉरंटीत सहसा धरत नाहीत. वॉरंटीच्या पुस्तिकेतलं रंगाचं पान एकदा वाचून ठेवावं.

टवका साधा आणि लहान आहे असं ठरलं, तर दुरुस्ती घरी होऊ शकते. सगळ्यात आधी रंगाचा कोड शोधावा. तो दरवाज्याच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. 'पांढरा द्या' म्हणून बाटली आणू नये. एकाच कंपनीचे पांढरे दोन-तीन प्रकारचे असतात. टच-अपची छोटी बाटली किंवा पेन त्याच कोडचं घ्यावं, सोबत क्लिअर कोट आणि पत्रा उघडा असेल तर प्राइमर.

काम सकाळी, सावलीत, पत्रा गार असताना करावं. पावसाळी दमट दिवशी नको. पावसाने उसंतच दिली नाही तर जागा पूर्ण कोरडी करून तात्पुरती पारदर्शक टेप लावून ठेवावी.

जागा शाम्पूने धुऊन वाळवावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. हे औषधांच्या दुकानात मिळतं. पेट्रोलने पुसायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण त्याचा तेलकट अंश मागे राहतो. थिनर तर बंपर आणि पुन्हा रंगवलेल्या भागाचा रंगच मऊ करतो. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे त्या दिवशी जवळपासही नको, कारण त्यात बहुधा सिलिकॉन असतं. वर सांगितलेले खळगे मग आपल्या कामातही पडतात.

गंज असेल तर तो खरवडून चकचकीत पत्रा येईपर्यंत काढावा. पॉलिश पेपरचा बारीक तुकडा दाताच्या काडीच्या टोकाला गुंडाळला की आजूबाजूचा चांगला रंग न खरवडता काम होतं. गंजावर रंग लावला तर तो खाली पसरत राहतो आणि वर्षभरात फुगा येतो. घरच्या दुरुस्त्या फसतात त्या बहुतेक इथेच.

उघड्या पत्र्यावर प्राइमरचा एक पातळ थेंब. बाटलीच्या झाकणातला ब्रश यासाठी फार जाड असतो, दाताच्या काडीचं टोक बरं. तासभर वाळू द्यावं. प्राइमर फक्त खळग्यात हवा, काठावर नाही.

मग रंग. बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलवावी, मेटॅलिक रंगाची चमकी तळाशी बसलेली असते. एका थेंबात खळगा भरून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. जाड थेंब वरून वाळतो, आत ओला राहतो आणि नंतर खचतो. पातळ थेंब, अर्धा तास थांबणं, पुन्हा पातळ थेंब, असं दोन-तीनदा. शेवटी क्लिअर कोट. तोही पातळच.

ठिपका किंचित उंच राहतो. तो 2500 नंबरच्या पाणपेपरने घासून सपाट करता येतो, पण त्यासाठी आठवडाभर थांबावं लागतं आणि हात बसलेला लागतो. माझा सल्ला: सोडून द्यावा. दोन पावलांवरून तो दिसत नाही आणि घासताना शेजारचा क्लिअर कोट झिजवला तर तो परत येत नाही. वॅक्स किंवा कोटिंगही महिनाभर नको.

शोरूममध्ये टवके दाखवले की बरेचदा सल्ला मिळतो, 'अख्खं बॉनेट रंगवून घ्या, इन्शुरन्समध्ये बसवू.' मोठं नुकसान असेल तर तो योग्यच आहे. पण चार-पाच बारीक ठिपक्यांसाठी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातली 140 अंशांची भाजणी पुन्हा होणार नाही. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक असतं, म्हणून बॉडी शॉपमध्ये वेगळा दोन घटकांचा रंग 60 अंशांच्या आसपास वाळवतात. चांगल्या कारागिराचं काम उत्तम होतं, पण मूळ थर घासला जातो, छटा जुळवावी लागते आणि गाडी विकताना घेणारा यंत्र लावून 250 वाचतो. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. पहिल्या दावारहित वर्षानंतर तो 20 टक्के असतो आणि पुढे वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यापुढच्या गाडीला 2000 रुपये दर दाव्यामागे आपल्या खिशातून भरावेच लागतात.

पुढचे टवके टाळायचे तर काय लावावं? इथे विक्रेते बराच गोंधळ घालतात. सिरॅमिक कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. त्याने पाणी ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. खडा अडवणं त्याच्या आवाक्यात नाही. टेफ्लॉन म्हणून जे लावतात ते तर काही महिन्यांत निघून जातं. खडा अडवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. ती 150 ते 200 मायक्रॉन असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. पूर्ण गाडीला लावायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. पण फक्त बॉनेटची पुढची पट्टी, आरसे, कमानी आणि दरवाज्याखालचा पट्टा झाकला तर बराचसा फायदा थोडक्या पैशांत मिळतो. कारखान्याचा रंग पूर्ण भाजलेला असल्याने नव्या गाडीला ती लगेच लावता येते. पुन्हा रंगवलेल्या भागावर मात्र काही आठवडे थांबावं. कापताना ब्लेड थेट गाडीवर चालवणारा कारागीर असेल तर काम थांबवावं.

मडफ्लॅप हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि तो लोक विसरतात. डंपरच्या मागे अंतर ठेवायला तर काहीच पडत नाही.

दर सहा महिन्यांनी 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांना एक हिशोब सांगावासा वाटतो. यंत्राने केलेल्या एका जोरकस रबिंगमध्ये क्लिअर कोटचे दोन ते पाच मायक्रॉन जाऊ शकतात. अतिनील किरणांपासून बचाव करायचं बरंचसं काम याच थराच्या वरच्या भागात होतं, म्हणून जाणकार आयुष्यभरात 8-10 मायक्रॉनच्या पलीकडे जात नाहीत. म्हणजे तीन-चार वेळा जोरात चमकवली की शिल्लक संपली. मग छतावर पांढरे चट्टे येतात आणि पूर्ण रंगकामाशिवाय त्यांना इलाज नसतो.

रबिंगची गरज पडते तीही बहुधा रोजच्या धुण्यामुळे. पहाटे एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात आणि नवव्या गाडीची वाळू दहावीच्या बॉनेटवर फिरते. गाडी धुणाऱ्या दादांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना एका गाडीमागे मिळतात किती! आपलं वेगळं मायक्रोफायबरचं फडकं त्यांच्याकडे द्यावं आणि सांगावं, की आधी नुसतं पाणी ओता, कोरडी धूळ पुसू नका आणि जिथे रोज पाणी नसेल तिथे दिवसाआड केलं तरी चालेल. बोअरच्या पाण्याचे थेंब उन्हात वाळू देऊ नयेत, क्षारांचे पांढरे गोल डाग काढायला पुन्हा घासावंच लागतं. पक्ष्याची विष्ठा दिसली तर ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवावं आणि उचलून घ्यावी.

पावसाळा संपला की एकदा गाडीभोवती टॉर्च घेऊन फिरावं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. ती चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा बोटाने चाचपाव्यात. उरलेली टच-अपची बाटली झाकणाचं तोंड पुसून घरात, गार जागी ठेवावी. गाडीच्या कप्प्यात उन्हाने ती वर्षभरात घट्ट होते, आणि पुढचा टवका उडेल तेव्हा नवी आणावी लागते.